एक शनिवार सोडून, अकरा वाजता

त्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात माझी सही आहे आणि सहीच्या वर 'तपासले' असा शब्द आहे. नकाशा नववीच्या सात विद्यार्थ्यांनी काढला, पाण्याचे नमुने त्यांनीच गोळा केले, आलेख त्यांनीच रंगवले. तपासण्याचे काम तेवढे माझे होते. पुढे जे घडले ते त्या एका शब्दामुळे घडले, म्हणून ते सांगण्याची जबाबदारीही मी माझीच समजतो.

मी मूळचा कृष्णाकाठचा. तिकडच्या तंत्रनिकेतनातून रसायन अभियांत्रिकीची पदविका घेऊन डोंबिवलीत आलो आणि एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात एकतीस वर्षे काढली. केंद्राच्या कुंपणाच्या आतले पाणी मला घड्याळाप्रमाणे ठाऊक होते. कुंपणाबाहेर ते कुठे जाते हे नोंदवहीत एका ओळीत लिहिलेले असे: 'खाडीत विसर्ग'. निवृत्तीनंतर डोंबिवली पश्चिमेच्या एका शाळेने विचारले की नदीचे प्रदूषण कमी करण्यामागचे अर्थशास्त्र आणि भूगोल मुलांना शिकवाल का. मी आनंदाने होकार दिला.

पहिल्या तासाला मी एक पेला आणि एक बादली घेऊन गेलो. पेल्यातल्या पाण्यात शाईचे दहा थेंब टाकले, कोळशाची भुकटी घातली, गाळले. पाणी स्वच्छ निघाले. मग तेवढीच शाई बादलीत टाकली.

"आता ही काढायला किती कोळसा लागेल?"

"सर, गोणी आणावी लागेल," नयन म्हणाला. हा मुलगा वर्गात सर्वांच्या आधी बोलत असे. "पण मग बादलीत ओततात कशाला? पेल्यातच साफ करायचं ना."

"पेला ज्याचा त्याचा असतो. बादली सगळ्यांची असते."

"म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्यासारखं."

सगळे हसले. मीही हसलो आणि फळ्यावर वाक्य लिहिले: ज्याचा खर्च वाचतो तो नकाशावर एका ठिकाणी असतो, ज्याला तो सोसावा लागतो तो दुसऱ्या ठिकाणी, या दोन ठिकाणांमधली वाट शोधणे हा आपला अभ्यास. वाक्य मुलांनी उतरवून घेतले. मला ते फार आवडले होते.

अभ्यासासाठी कोपरच्या पलीकडचा खाडीकाठ निवडला. तीन जागा ठरवल्या. पहिली वरच्या अंगाला, पुलाजवळ. दुसरी त्याखाली अर्ध्या किलोमीटरवर, एका जुन्या पाड्याच्या धक्क्याशी. तिसरी आणखी खाली. धक्का आणि ही जागा यांच्या मध्ये शहरातून येणारा मोठा नाला खाडीला मिळतो. नाल्याच्या तोंडाशी गुडघाभर चिखल असल्यामुळे मुलांना तिथे उतरवायचे नाही, असे शाळेने बजावले होते. नाल्याचा परिणाम तिसऱ्या जागेवर दिसेलच, असा माझा हिशेब होता.

वेळही मीच ठरवली. एक शनिवार सोडून, सकाळी अकरा वाजता. पाच मिनिटांचा फरक मी चालवून घेत नसे. नमुन्याची वेळ बदलली तर तुलनेला अर्थ राहत नाही, हे एकतीस वर्षांत माझ्या हाडांत मुरले होते.

चाचणी सोपी होती. काचेच्या बुचाच्या बाटलीत पाणी भरायचे आणि दोन औषधे सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. मुलांना ती फार आवडली. पुलाजवळच्या बाटलीत तपकिरी ढग उतरला, धक्क्याच्या बाटलीत पांढराशुभ्र, तिसऱ्या बाटलीत पुन्हा तपकिरी. पंधरा दिवसांनी तेच. पुढच्या दोन्ही वेळीही तेच.

"सर, सेम टू सेम," नयन म्हणाला. "चारपैकी चार."

चार निरीक्षणे एकमेकांशी जुळली की ती खरी असतात, असे मी त्यांना सांगितले. पूल ठीक, धक्का मेलेला, नाल्याखालचे पाणी पुन्हा जिवंत. म्हणजे नाला निर्दोष, आणि दोष पूल ते धक्का या अर्ध्या किलोमीटरमध्ये. त्या पट्ट्यात काय होते? खारफुटी, एक देऊळ, पाड्यातली तीस घरे आणि चादरी, टेबलावरची कापडे धुण्याचा एक छोटा कारखाना. त्याची मोरी सरळ खाडीत उघडत होती. मुलांनी नकाशावर तिथे लाल वर्तुळ काढले. मी सही केली.

सात जणांत कल्पिता नावाची एक मुलगी होती. शांत, अक्षर नेटके. तिसऱ्या नमुन्याच्या दिवशी तिने वहीत एक जादा ओळ लिहिली होती: 'धक्क्यापाशी पानं आणि फेस पुलाच्या दिशेने जात होते.' मी त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली आणि बाजूला लिहिले: 'नदी वर वाहत नाही. काळजीपूर्वक पाहा.' वही परत घेताना तिने ती ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि वही दप्तरात ठेवली. तिला काय दिसले होते, हे मी विचारले नाही.

शाळांच्या अभ्यासप्रकल्पांचे प्रदर्शन ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मंगल कार्यालयात भरले. ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या बारा शाळा होत्या. आमच्या टेबलाशी गर्दी होती. नयन पांढऱ्या आणि तपकिरी बाटल्या हलवून दाखवत होता. दुपारी कार्यालयाचे व्यवस्थापक गुप्ते सहज फिरत आले. लाल वर्तुळाशी थांबले, चष्मा वर सरकवला.

"हा कपडे धुण्याचा कारखाना म्हणजे कोपरचा का हो?"

"हो."

"अहो, आमच्या टेबलावरची कापडं तिथेच जातात!" त्यांनी टेबलावरचे पांढरे कापड चिमटीत धरले. "आणि हे तपासलंय कोणी?"

"मी," मी म्हणालो. ते मी अभिमानाने म्हणालो, हे इथे नमूद करतो.

कल्पिता माझ्या उजव्या हाताला उभी होती. थोड्या वेळाने पाहिले तर तिच्या जागी तिचे ओळखपत्र तेवढे टेबलावर होते.

पुढच्या दोन शनिवारी ती आली नाही. दुसऱ्या शनिवारी तास संपल्यावर नयन माझ्यामागे जिन्यापर्यंत आला. तो खाली मान घालून बोलत होता. त्या मुलाला तसे बोलताना मी कधी पाहिले नव्हते.

"सर, तो कारखाना कल्पिताच्या पप्पांचा आहे."

"तू आधी का नाही सांगितलेस?"

"तिने शपथ घातलेली. म्हणाली, सरांनी तपासलंय, मग बरोबरच असणार." तो पुढे सांगू लागला. "हॉलवाल्यांनी काम बंद केलंय. आठ बायका आहेत तिथे, त्यातल्या तिघींना पप्पांनी घरी बसवलंय. हॉलवाले सोमवारी फायनल सांगणार आहेत, पुढच्या सीझनचं काम कोणाला द्यायचं ते."

त्याच संध्याकाळी रिक्षा करून मी पाड्यावर गेलो. मी काय बोलणार होतो हे मला नक्की माहीत नव्हते. मुलीची शाळा सुटू नये एवढेच मनात होते; नकाशाविषयी शंका अजून आली नव्हती.

पाड्यात आता कौलारू घर एकही नाही. कल्पिताचे घर तीन मजली, खाली कारखान्याचा गाळा. आत दोन मोठी यंत्रे बंद होती, एक चालू होते. तिचे वडील कमलेश दारातच भेटले.

"या, सर. आता काय राहिलंय तपासायचं? घराचं पाणी न्यायला बाटली आणलीत?"

"कल्पिता दोन आठवडे आली नाही, म्हणून आलो."

"तिला काय शिकवणार तुम्ही? बाप चोर आहे, हे शिकवलंत की. झालं तेवढं बस."

"कमलेश, मास्तराला बसाला खुर्ची दे," आतून आवाज आला. "दारान उबा करून भांडतोस काय?"

कमलेशची आई ठमाबाई भिंतीला टेकून नातीच्या गणवेशाची शिवण उसवत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केले होते. त्यांच्याशेजारी कल्पिता बसलेली. मला पाहून ती उठली. तिच्या हातात तीच वही होती.

"मास्तर, पोर सांगतं, तुमी चार वेला पानी नेलंव," ठमाबाई म्हणाल्या. "तीनच ठिकानचं. खरं ना?"

"खरं. चारही वेळा एकच उत्तर आलं."

"खालच्या ठिकानचं पानी खारं व्हतं काय?"

नोंदवहीत क्षारतेचा रकाना होता. आपण मीठ नव्हे, प्रदूषण मोजतो आहोत असे सांगून मीच तो रिकामा ठेवायला लावला होता.

"कनच्या तिथीला नेलंव?"

"तिथी नाही पाहिली, ठमाबाई. तारखा आहेत. एक शनिवार सोडून, बरोबर अकरा वाजता."

"कल्पिता, ते कालनिर्नय काढ गो खाली."

कल्पिताने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले. वहीतल्या तारखा ती वाचत गेली आणि प्रत्येक तारखेखालची तिथी सांगत गेली. चतुर्दशी. त्रयोदशी. पुन्हा त्रयोदशी. द्वादशी.

"तिथीची पाऊनपट, तवा भरती," ठमाबाई म्हणाल्या. "बारा पाऊन?"

"नऊ," माझ्या तोंडून निघून गेले. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी दुसरीत पाठ केली होती. शाळेत सगळ्यांकडून ती म्हणवून घेत. ती कशासाठी, हे कोणी सांगितले नव्हते आणि साठ वर्षांत मीही कोणाला विचारले नव्हते.

"नऊ वाजता खाडीच्या मुखाशी. आपल्या कोपरला यायला आनखी दोन तास. किती झालं?"

"अकरा."

"त्रयोदशीला पावनेबारा. चतुर्दशीला साडेबारा. म्हंजे तुमी चारी वेला भरतीचं पानी वर चरतं असतानाच आलाव. भरतीच्या वेलेला नाल्याची घान खाली कशी जाईल, मास्तर? तिला दर्या वर ढकलतंय. ती आमच्या धक्क्याला येतं. खाली तुमी बाटली भरलीव ते दर्याचं पानी." त्यांनी दोरा तोडला. "मिठागरान आमी तिथी बगूनच पानी घ्यायचं दार उगरत व्हतो. चुकलं तं कंपनी पगार कापी."

मी हिशेब मांडू लागलो, कारण तेवढेच मला जमत होते. चौदा दिवसांत भरतीची सत्तावीस आवर्तने जवळजवळ पूर्ण होतात; उरतो पाऊण तासाहून कमी वेळ. म्हणजे पंधरवड्याने त्याच वेळी गेले तर खाडी त्याच अवस्थेत भेटते. मी दर शनिवारी गेलो असतो तर दुसऱ्याच आठवड्यात आकडे उलटे आले असते आणि मला शंका आली असती. मी अनियमित असतो तरी वाचलो असतो. माझी चार निरीक्षणे म्हणजे एकच निरीक्षण चार वेळा होते.

"कल्पिता, तुला हे माहीत होतं?"

"भरती माहीत होती, सर. हिशेब नव्हता माहीत." ती वहीचा कोपरा दुमडत होती. "मी पानं बघितलेली. वर जात होती. पण तुम्ही लिहिलंत की नदी वर वाहत नाही. मला वाटलं, मीच नीट बघितलं नसेल."

आपल्या दारातून रोज दिसणारी गोष्ट त्या मुलीने माझ्या लाल रेघेसाठी खोटी मानली होती. त्याहून जड वाक्य मी माझ्या आयुष्यात ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पंचमी. पाऊणकीप्रमाणे भरती पहाटे पावणेसहाला होऊन गेलेली. अकराला ओहोटीची ओढ पुरी लागलेली असणार. सातपैकी पाच मुले आली. कमलेशही आला, पण लांब, देवळाच्या पायरीवर बसून राहिला. धक्क्याच्या खांबाभोवती पाणी खालच्या दिशेने वळसे घेत होते. कल्पिताने झाडाची सात पाने मोजून पाण्यात सोडली. सातही नाल्याकडे गेली.

या वेळी धक्क्याची बाटली तपकिरी झाली. तिसऱ्या जागेच्या बाटलीत पांढरा साका उतरला आणि बुडाशी बसला. नयनने ती उन्हात धरली.

एवढ्यावर थांबणे मला सोयीचे होते. पण मी मुलांना म्हणालो की आता कारखान्याच्या मोरीचेही पाणी घेऊ. कमलेश पायरीवरून उठला.

"म्हणजे अजून संशय आहेच."

"एकदा न मोजता बोललो, आता मोजल्याशिवाय बोलणार नाही. तुमच्या बाजूनेही नाही."

मग त्यानेच मोरीवरची फरशी उचलून दिली.

मोरीचे पाणी साबणाचे होते आणि ते स्वच्छ नव्हते. धक्क्याची बाटली तपकिरी असली तरी पुलाजवळच्या बाटलीपेक्षा किंचित फिकी होती. तो फरक मोरीचा. आम्ही तो लिहिला. मग नाल्याच्या काठाने उलटे चालत गेलो, मुलांना वर रस्त्यावर ठेवून, मी एकटा खाली. शहराच्या बाजूने तीन मोठे पाइप नाल्यात सुटलेले दिसले. मधल्या पाइपला कुठल्या इमारती जोडलेल्या आहेत, हे विचारायला मला कोणाकडे जावे लागले नाही. त्यांतली एक माझी होती. अकरा वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत मैलापाणी शुद्ध करण्याच्या संयंत्राचा विषय निघाला, तेव्हा खर्च फार आहे असे सांगून मीच तो मागे घ्यायला लावला होता. माझे शब्द इतिवृत्तात आहेत.

वर येऊन मी मुलांना ते सांगितले. उर्वी नावाच्या मुलीने वही उघडून विचारले, "सर, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"ज्याचा खर्च वाचतो तो," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी नौपाड्याला गेलो. गुप्ते यांच्यापुढे रविवारच्या दोन बाटल्या, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळचे आकडे आणि एक पत्र ठेवले. पत्रात मी लिहिले होते की प्रदर्शनातला निष्कर्ष चुकीचा होता, चूक विद्यार्थ्यांची नसून नमुन्याची वेळ ठरवणाऱ्याची, म्हणजे माझी होती, आणि कारखान्याच्या मोरीचे पाणी अल्प प्रमाणात दूषित असून त्यावर साबण निवळण्याची टाकी बांधणे पुरेसे आहे. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"तुम्ही हे नसतं लिहिलंत तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच लिहिलं."

"सर, तुमचा मान राखून सांगतो. या सीझनचं काम मी शनिवारीच दुसरीकडे देऊन बसलो. आगाऊ रक्कम गेली. लग्नं तोंडावर आहेत. आता फिरवता येत नाही." ते ओशाळले होते. "पुढच्या तुळशीच्या लग्नापासून बघू. आणि टाकी बांधली की मला येऊन दाखवायला सांगा."

मी तसाच पाड्यावर गेलो आणि गुप्ते काय म्हणाले ते जसेच्या तसे सांगितले. कमलेशने ऐकून घेतले. तिघी बायकांना या हंगामात परत बोलावता येणार नव्हते. त्यांतली एक, सखुबाई, आधीच ठाण्याला एका स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफीने मशीन चालत नाही, सर." मग म्हणाला, "टाकी केवढी बांधायची ते सांगून जा."

मी मापे काढली. लांबी, रुंदी, खोली, पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची उंची. तासभर मी जमिनीवर खडूने आखत होतो आणि तो मोजपट्टीचे दुसरे टोक धरून उभा होता.

पुढच्या शनिवारी कल्पिता वर्गात आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. मी जुना नकाशा फळ्याशेजारी लावला. मुलांना वाटले, मी तो फाडणार. मी त्यांना सांगितले की हा इथेच राहील, लाल वर्तुळासकट आणि सहीसकट, आणि दरवर्षी पहिला तास पेल्या-बादलीचा नसून या नकाशाचा असेल. एक शनिवार सोडून अकराची वेळ मला सोयीची होती. त्या सोयीचा खर्च तीन बायकांनी सोसला. फळ्यावरचे माझे ते आवडते वाक्य त्यांना कळले की नाही, ठाऊक नाही. मला ते तेव्हा कळले.

तास संपल्यावर मी कल्पिताकडे तिची वही मागितली. ते पान उघडले. खोडरबराने शाई निघणार नव्हती, म्हणून मी पांढरा रंग आणला होता. माझे लाल शब्द झाकून टाकावेत असे मनात होते.

तिने पानावर हात ठेवला.

"खोडू नका, सर. तुम्हीच सांगितलंय, चुकीची नोंद खोडायची नाही. खाली दुरुस्ती लिहायची आणि तारीख घालायची."

हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मी पांढरा रंग खिशात ठेवला, पेन उघडले आणि माझ्या लाल ओळीखाली लिहिले: 'निरीक्षण बरोबर होते. भरतीच्या वेळी पाणी पुलाकडे वाहते. तपासणाऱ्याने पाहिले नव्हते.' सही केली, तारीख घातली.

"आणि तिथी?" कल्पिता म्हणाली.

मला माहीत नव्हती. तिने सांगितली, आणि मी ती लिहून घेतली.